वळणावरची शिट्टी

"नाव घाला त्याचं," दिवेबाई मास्तरांना म्हणाल्या. "मेले त्या चौघांची नावं कोरताय ना? मग ज्यानं मारले त्याचंही कोरा. खाली कोरा, बारीक अक्षरात कोरा हवं तर. पण कोरा."

मास्तर चहाची बशी हातात धरून बसले होते. शाळेतून रिटायर झाल्यावर माणसं बागेत फिरतात, गुडघ्यांना तेल चोळतात; या गृहस्थांनी खाणीच्या रेल्वेचा इतिहास लिहायला घेतला. रेल्वे तर केव्हाच गेली होती. खाण बंद पडली, रूळ उपटून भंगारात विकले, आणि डोंगरावरून खाली उतरणारा एक लाल पट्टा तेवढा मागे राहिला. पण मास्तर मोठे चिकट. त्यांनी गावातल्या जुन्या माणसांना पटवलं आणि अपघात झाला होता त्या यार्डात एक दगड उभा करायचं ठरवलं. येत्या रविवारी.

"बाई, तो माणूस अजून जिवंत आहे," मास्तर चाचरत म्हणाले. "रोज बाजारात दिसतो. आणि तुमचा सख्खा दीर आहे."

"होता. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी होता."

मास्तरांनी चहा संपवला आणि वहीत लिहून घेतलं, 'सांधेवाल्याच्या हलगर्जीपणामुळे', आणि पुढे कंसात नाव.

आता ही रेल्वे काय होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. डोंगराच्या माथ्यावर लोखंडाची खाण होती. माती लाल, दगड लाल, पाऊस झाला की ओढाही लाल. गोऱ्या कंपनीला त्या दगडाचा वास लागला आणि तिनं माथ्यापासून बंदरापर्यंत अकरा मैलांचे रूळ टाकले. कुणाच्या सोयीसाठी? आपल्या? छे हो! त्या गाडीला माणसांचा डबा असा कधी लागलाच नाही. नुसत्या वाघिणी, दगडानं शिगोशीग भरलेल्या. डोंगर आपला, घाम आपला, आणि ते लोखंड कुठल्या मुलखातल्या पुलाला लागलं ते देव जाणे.

माथ्यापासून यार्डापर्यंत तीन मैलांचा उतार. भरलेली गाडी उतारावर ओढावी लागत नाही, ती आपली आपण धावते. इंजिनाचं काम तिला धरून ठेवायचं. हातातून सुटली तर? त्यासाठी गोऱ्यांनी एक अक्कल लढवली होती, आणि चांगली लढवली होती, खोटं कशाला बोला. उताराच्या पायथ्याशी एक सांधा होता. तिथून रुळांची एक वाट यार्डात जायची आणि दुसरी जाऊन घुसायची वाळूच्या मोठ्या ढिगात. सांधा एरवी कायम वाळूकडे वळलेला. वरच्या मोठ्या वळणानंतर खिंड लागायची. ड्रायव्हरनं खिंडीत ब्रेक लावून पाहायचा, आणि गाडी हातात आहे अशी खात्री पटली की खिंडीच्या तोंडाशी एक पाटी होती, तिथे लांब शिट्टी द्यायची. ती ऐकली की सांधेवाल्यानं खटका ओढून सांधा यार्डाकडे वळवायचा आणि गाडी यार्डात जाईपर्यंत धरून ठेवायचा. शिट्टी नाही तर खटका नाही. जाईना का गाडी वाळूत! वाघिणी उलटतील, दगड सांडतील, पण माणसं वाचतील.

दिवेबाईंचा नवरा त्या गाडीचा ड्रायव्हर होता. आणि खटक्यावर होता नवऱ्याचा धाकटा भाऊ.

दिवेबाई हे नाव पुढे पडलं. तेव्हा ती सतरा वर्षांची नवी नवरी होती, आणि यार्डाच्या कडेला कंपनीनं बांधलेल्या क्वार्टरांच्या रांगेत, शेवटून दुसऱ्या खोलीत राहायला आली होती. पहिल्याच दिवशी संध्याकाळी दार वाजलं, तिनं उघडलं आणि ती किंचाळली. दारात डोक्यापासून पायापर्यंत लाल भुतासारखा कोणीतरी उभा. पापण्यासुद्धा लाल. मागून दीर पुढे झाला आणि म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. आत आमचा दादाच आहे. धुऊन बघा."

हसली ती. त्या घरात ती पहिल्यांदा हसली ती दिराच्या त्या बोलण्यावर, हे तिला नंतर फार वर्षं आठवायला नको असायचं.

तो लाल धुरळा गार पाण्यानं जात नाही, नुसता पसरतो. गरमच लागतं, आणि चांगलं कढत लागतं. पण गाडी कधी चारला यायची, कधी सहाला. पाणी आधी ठेवावं तर निवून जायचं, आल्यावर ठेवावं तर तो बिचारा दारात माती सांडत तासभर उभा. मग तिनंच एकदा म्हटलं, "अहो, निघताना काही कळवता आलं असतं तर बरं झालं असतं."

"त्यात काय," नवरा म्हणाला. "वळणावरून क्वार्टरं दिसतात. तिथे एक शिट्टी देतो. तिथून घरी यायला मला अर्धा तास धर. ती शिट्टी तुझी. खिंडीतली आहेच कंपनीची."

खिंडीतली शिट्टी क्वार्टरांत ऐकू यायची नाही, मधे टेकडी आड यायची. पण वळणावरची यायची, अगदी स्वच्छ. ती वाजली की ती चुलीवर पातेलं चढवायची. शेजारणी चिडवायच्या, "चला बाई, आली हिची शिट्टी! आमचे नवरे नुसते खोकतात." दीर तर वेळ मिळाला की छळायचा. "वहिनी, दादा हल्ली ब्रेकपेक्षा शिट्टीच जास्त धरतो." ती लटकं रागवायची, त्याच्या हातावर जास्तीची साखर ठेवायची. त्याला आईबाप नव्हते. तो जेवायला इथेच असायचा, आणि जेवताना इतका बोलायचा की मोठा भाऊ म्हणायचा, "अरे, घास तरी गिळ आधी."

तीन वर्षं गेली. मुलगी झाली. ती पाच महिन्यांची होती तेव्हा तो दिवस उजाडला.

दुपारी साडेचारच्या सुमाराला शिट्टी वाजली. तिनं पोरीला पाळण्यात टाकलं, पातेलं चढवलं, टॉवेल काढून दारामागच्या खुंटीला लावला. पाण्याला आधण आलं न आलं तोच असा काही आवाज झाला की फळीवरची दोन ताटं खाली आली. मग बायका धावल्या, माणसं धावली. तिला कुणी जाऊ देईना. ती दारात उभी राहिली. किती वेळ ते तिला कधीच सांगता आलं नाही, पण पाणी आत खदखदत होतं ते तिला ऐकू येत होतं.

मग तो आला. लाल. डोक्यापासून पायापर्यंत. क्षणभर, एक क्षणभरच, तिला वाटलं नवराच आला. तो उंबऱ्याबाहेर थांबला आणि म्हणाला, "वहिनी, दादा गेला. माझ्या हातून झालं. खटका ओढून तारेनं बांधून ठेवला होता आणि मी झोपलो होतो."

तिनं आत जाऊन पातेलं उचललं आणि ते आधणाचं पाणी त्याच्या अंगावर फेकलं.

मानेवर पडलं, डाव्या कानावर, खांद्यावर. तो ओरडला नाही. हलला पण नाही. नंतर चौकशीत साहेबानं विचारलं, हे कसं भाजलं, तर म्हणाला, इंजिनाची वाफ लागली.

ड्रायव्हर, फायरमन आणि यार्डात दगड उतरवणारे दोन मजूर, असे चौघे गेले. शेवटचा गार्डाचा डबा साखळी तुटून मागे राहिला म्हणून गार्ड वाचला. सांधेवाल्यानं गुन्हा कबूलच केला होता, त्याला दोन वर्षांची कैद झाली. ड्रायव्हरची काही चूक नाही असं ठरलं, म्हणून त्याच्या विधवेची खोली तिच्याकडे राहिली आणि तिला दिवेखोलीत काम मिळालं. काम म्हणजे, सिग्नलचे आणि गार्डाचे कंदील रोज उतरवायचे, वाती कापायच्या, काजळी पुसायची, लाल-हिरव्या काचा राखेनं घासायच्या, रॉकेल भरायचं. गोरे गेले, आपले साहेब आले, कंदील तेच राहिले. तीस वर्षं तिनं ते केलं, त्याच्यावर लेकीला शिकवलं, नर्स केलं. दिवेबाई हे नाव त्यातलं.

दीर कैदेतून सुटून आला तो इथेच राहिला. दुसरीकडे जायचं ना! नाही गेला. बाजाराच्या मागच्या बोळात एक खोली घेतली आणि स्टोव्ह दुरुस्त करायला बसला. बोलणं मात्र बंद झालं. घास तोंडात असताना बडबडणारा तो पोरगा कुठे गेला कोण जाणे. लोक त्याला मुका म्हणू लागले. दिवेबाई त्या बोळातून कधी गेल्या नाहीत. त्यांचा स्टोव्ह बिघडला तर दोन मैल चालत दुसऱ्या गावी नेऊन दुरुस्त करून आणायच्या, पण त्या बोळात पाऊल टाकायच्या नाहीत. लेकीच्या लग्नात तो नवा कोरा घासलेला पितळी स्टोव्ह घेऊन मांडवाच्या बाहेर उभा राहिला होता. लेक म्हणाली, "आई, येऊ दे ना काकाला." दिवेबाई उठून बाहेर गेल्या, त्याच्या हातातला स्टोव्ह घेतला आणि रस्त्यावर ठेवला. नुसता ठेवला. तो वाकला, उचलला आणि गेला.

लोक म्हणायचे, बाई कठोर आहे. असतील. पण वीस वर्षांची असताना ज्याच्यासाठी पाणी तापवलं तो माणूस घरी आला नाही, आणि का, तर कुणाला तरी झोप लागली होती! असल्या गोष्टीला क्षमा करायची कशी असते, ते सांगणाऱ्यांनी आधी करून दाखवावं.

बुधवारी मास्तर पुन्हा आले. लेक कामावर जायच्या तयारीत होती. मास्तरांच्या काखेत एक जुनी फाइल, आणि चेहरा असा की घरात कुणी आजारी असावं. चहा नको म्हणाले. तेव्हाच दिवेबाईंनी ओळखायला हवं होतं.

"बाई, एक विचारतो. त्या दिवशी तुम्ही शिट्टी ऐकली होती?"

"म्हणजे काय? ऐकली म्हणून तर पाणी ठेवलं."

"वळणावरची?"

"हो, माझी. खिंडीतली आम्हाला ऐकू यायची नाही."

मास्तरांनी फाइल उघडली. मग म्हणाले, "कंपनीच्या जुन्या ऑफिसातनं चौकशीचे कागद मिळाले. मला वाटलं, दगडावर काय लिहायचं ते एकदा ताडून पाहावं. यात गार्डाची साक्ष आहे. इंग्रजीत आहे, मी सांगतो तुम्हाला."

आणि त्यांनी सांगितलं, बोट ठेवून, एकेक ओळ. गार्डानं म्हटलं होतं, 'अपघाताच्या आधी सहा महिने मोठ्या साहेबांच्या बंगल्यावरून हुकूम आला. मेमसाहेबांना डोकेदुखीचा त्रास आहे, सबब उतारावर एका फेरीला एकच शिट्टी द्यावी. कोणती द्यावी ते हुकमात नव्हते. ड्रायव्हरने वळणावरची ठेवली, खिंडीतली सोडली. सांधेवाला त्याचा भाऊ. तो वळणावरच्या शिट्टीवर खटका ओढून उभा राहत असे. आम्हा सर्वांना हे ठाऊक होते. त्या दिवशी ड्रायव्हरने वळणावर शिट्टी दिली. मग खिंडीत ब्रेक लावला. तो लागला नाही.'

"पुढे साहेबानं विचारलंय," मास्तर म्हणाले, आणि थांबले.

"वाचा."

"'वळणावरचीच का ठेवली?' त्यावर गार्ड म्हणतो, 'त्याच्या बायकोला पाणी तापवायचे असते.'"

लेक दारात पर्स घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"खोटं आहे," दिवेबाई म्हणाल्या. "दोन द्यायचे ते. एक माझी, एक कंपनीची. मला सांगितलं होतं त्यांनी."

"आधी दोनच द्यायचे, बाई. हुकमानंतर एक."

"मला नाही सांगितलं ते."

"नसेल सांगितलं."

साक्षीच्या खाली साहेबाचा शेरा होता. सांधेवाल्याने स्वतःच गुन्हा कबूल केला असल्याने गार्डाची साक्ष विचारात घेण्याचे कारण नाही. कसं असेल कारण? ती साक्ष धरली असती तर बोट थेट बंगल्याकडे गेलं असतं, मेमसाहेबांच्या डोकेदुखीकडे. इथे एक माणूस आपणहून पुढे येऊन म्हणतोय, मीच तो. सुंठीवाचून खोकला गेला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशानं स्वतःच दोर आणून दिला.

"पण त्यानं का..." लेक बोलायला गेली आणि थांबली, कारण आईचा चेहरा तिला दिसला.

का ते दिवेबाईंना माहीत होतं. तीस वर्षं कंपनीत काढलेल्या बाईला नियम कुणी सांगायला नको. ड्रायव्हर दोषी ठरला की आठ दिवसांत खोली खाली, आणि विधवेला काम नाही. शेजारच्याच खोलीतली एक बाई दोन मुलांसह तशी बाहेर पडलेली त्यांनी पाहिली होती. ती पुढे कुठे गेली ते कुणाला कळलं नाही.

"ते पाण्याचं पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी वाचलं. बाईंनी आणखी एकदा वाचायला लावलं. मग त्या उठल्या, चपला घातल्या आणि भर उन्हात बाहेर पडल्या. लेक मागून हाका मारत होती, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

बोळ अरुंद होता. खोलीच्या दारातच तो पोत्यावर बसलेला, पुढे पाच-सहा स्टोव्ह पोटं उघडून पडलेले, डब्यात पिना, वायसर, वाती. सगळीकडे रॉकेलचा वास. तीस वर्षं जो वास दिवेबाईंच्या स्वतःच्या हातांना होता, तोच. तो खाली मान घालून बर्नर साफ करत होता, आणि मानेची डावी बाजू वर आली होती. ती कातडी दिवेबाईंनी जवळून कधी पाहिली नव्हती. कानाची पाळी नव्हतीच जवळजवळ.

"भाऊजी," त्या म्हणाल्या.

हातातली पिन पडली. भाऊजींनी वर पाहिलं, आणि जणू कालच भेट झाली असावी तसं म्हणाले, "वहिनी, उन्हाच्या कशाला आलात?"

"शिट्टी वाजली होती."

"कुठली?"

"आता पुरे करा, भाऊजी! गार्डाची साक्ष वाचली मास्तरांनी."

भाऊजींनी फडक्याला हात पुसले. एकेक बोट पुसलं. "गार्ड भला माणूस होता," ते म्हणाले. "तोंडाचा तेवढा फाटका."

दिवेबाई उंबऱ्यावरच बसल्या. "मला सांगायचं होतंत. मला एकटीला. मी कुणाला बोलले नसते."

"तुम्ही?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. "तुम्ही दुसऱ्या दिवशी साहेबापुढे जाऊन उभ्या राहिला असतात. शिट्टी मी मागितली म्हणून. मी काय ओळखत नाही तुम्हाला? पोरीला काखेत मारून रस्त्यावर आला असतात."

"बरं, तेव्हा नाही. मग नंतर! पाच वर्षांनी, दहा वर्षांनी. लेकीच्या लग्नात तरी!"

ते बराच वेळ बर्नर हातात फिरवत राहिले. "तुम्ही माझ्यावर रागावून चांगल्या जगत होतात, वहिनी. तो राग माझ्यावरनं काढला असता तर कुणावर नेऊन ठेवला असतात? स्वतःवरच ना? मला तो काय, अंगवळणी पडला होता."

दिवेबाई रडायला लागल्या. साध्या नाही, मोठ्यानं, लहान मुलासारख्या हुंदके देत. बोळातून जाणारा एकजण थांबला, तर भाऊजींनी त्याला हातानंच पुढे जा म्हणून खुणावलं.

"आणि मी अगदीच धुतल्या तांदळासारखा नाही," ते मग म्हणाले. "खटका मी धरला होता. गाडी खिंडीतनं बाहेर आली ती जोरात. मी पाहिलं. तेव्हा सोडला असता खटका, तर गेली असती वाळूत. पण मला वाटलं, दादाला आज घाई झालीय. घरी जायची. मी एका हातानं खटका धरला आणि दुसऱ्या हातानं त्याला चिडवायला हात केला. हसत होतो मी, वहिनी. तो ओरडत होता ते दिसलं तेव्हा इंजिन सांध्यावर होतं."

कुणीतरी स्टोव्ह घेऊन आलं, भाऊजी म्हणाले, संध्याकाळी या.

"रविवारी दगड बसतोय," दिवेबाई शेवटी म्हणाल्या. "त्यावर मी तुमचं नाव घालायला लावलंय. हलगर्जीपणा केला म्हणून. आत्ता जाते आणि काढायला लावते."

"काढू नका. काढलंत की लोक विचारतील, मग चूक कुणाची. दादाचं नाव वर आहे, ते वरच राहू दे. झाकली मूठ आहे, झाकलेली बरी."

"अठ्ठेचाळीस वर्षं तुमचं ऐकलं. न सांगता ऐकायला लावलंत. आता माझं ऐका. रविवारी सकाळी घरी या. मी पाणी तापवते. आंघोळ करा, मग दोघं मिळून यार्डात जाऊ."

"घरी?" भाऊजींनी विचारलं. "आत?"

"आत."

त्याच संध्याकाळी दिवेबाई मास्तरांना घेऊन पाथरवटाकडे गेल्या. त्याची चार नावं कोरून झाली होती आणि खालची ओळ 'सांधेवाल्याच्या' इथपर्यंत आली होती. तो म्हणाला, दगडावरचं खोडायला ही काय पाटी आहे? दिवेबाई म्हणाल्या, छिन्नीनं फोड. मास्तर हळूच म्हणाले, "पण बाई, कारण काहीतरी लिहायला हवं. इतिहास आहे."

"ब्रेक लागला नाही, असं लिहा. हे खोटं आहे का?"

"नाही."

"मग झालं. आणि आणखी कुणाचं नाव घालायचंच असेल तर माझं घाला. नाहीतर मेमसाहेबाचं घाला, ठाऊक असेल तर."

पाथरवटानं ती ओळ फोडली. तिथे एक खडबडीत खळगा पडला, आणि त्याच्याखाली तीन शब्द कोरले गेले.

रविवारी दिवेबाई पहाटेच उठल्या. लेकीनं गिझर लावायला सांगितलं तर अंगावर गेल्या. जुनं पातेलं माळ्यावरून काढून रात्रीच घासून ठेवलं होतं. तेच पातेलं. ते त्यांनी मोडीत घातलं नव्हतं आणि पुन्हा कधी वापरलंही नव्हतं. मागच्या पडवीत स्टोव्ह पेटवला, पाणी चढवलं, नवा टॉवेल काढून खुंटीला लावला.

भाऊजी आठाला आले. धुवट शर्ट, केस पाण्यानं बसवलेले. दाराशी येऊन उंबऱ्याबाहेर थांबले, बरोबर तेवढ्याच अंतरावर. लेक म्हणाली, "काका, या ना." तरी ते उभेच. मग दिवेबाई आतून म्हणाल्या, "भाऊजी, पाणी निवतंय." तेव्हा त्यांनी चपला काढल्या, अगदी भिंतीला लावून नीट ठेवल्या आणि आत आले. घराकडे पाहिलं. भावाचा फोटो होता तिथे जरा थांबले. लेकीनं हाताला धरून पडवीत नेलं, पाटावर बसवलं. शर्ट काढून ते बसले, सत्तर वर्षांचं हडकुळं अंग, आणि मानेपासून खांद्यापर्यंत ती आक्रसलेली कातडी.

दिवेबाईंनी दोन्ही हातांत फडकं धरून पातेलं उचललं. पाणी वाफाळत होतं. बादलीत गार पाणी काढून ठेवलेलं होतं, त्यात ओतायचं, एवढंच. त्या दोन पावलं त्यांच्याकडे आल्या.

भाऊजींचा हात वर गेला. कोपर तोंडावर, मान आत ओढलेली, डोळे घट्ट मिटलेले. तोंडातून आवाज नाही. अंग मात्र असं थरथरलं की पाट जमिनीवर खडखडला.

क्षणभरच. लगेच हात खाली आला, आणि ते फार ओशाळले. "काही नाही, काही नाही हो वहिनी. अंगाला कळत नाही, मेलं. ओता तुम्ही. ओता ना."

दिवेबाईंना ओतता येईना. पुढे जाता येईना आणि पातेलं खालीही ठेवता येईना. लेकीनं ते हातातून काढून घेतलं आणि लांब, पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. दिवेबाई भाऊजींच्या समोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी कपाळ त्यांच्या गुडघ्यावर टेकलं.

"उठा, वहिनी. तुम्ही मोठ्या," भाऊजी म्हणत राहिले. "अहो, पाणी निवू दे की. मला गारच चालतं. अठ्ठेचाळीस वर्षं मी गार पाण्यानंच आंघोळ करतोय."